बाबू जगजीवनराम : तीनदा सुटलेली सत्ता

काही दिवसांपूर्वी एका विहारात तरुणांचे अभ्यास शिबिर होते. विषय होता राज्यघटना आणि राजीनामा. मंत्री पद का सोडतात, कोणाच्या सांगण्यावरून सोडतात आणि सोडल्यावर त्यांच्या हाती काय उरते, असे तीन मुद्दे मी मांडले. बाबासाहेबांनी १९५१ साली कायदामंत्रिपद कसे सोडले, हे सर्वांना ठाऊकच होते. प्रश्नोत्तरे सुरू झाली तेव्हा मागच्या रांगेतून कायद्याच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विचारले, सर, बाबू जगजीवनराम आपले की त्यांचे?

सभागृहात हशा पिकला. मी मात्र हसू शकलो नाही. आमच्या पिढीने या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देऊन टाकले होते. काँग्रेसचा हरिजन नेता म्हटले की विषय संपला. वकिली करताना मात्र एक गोष्ट शिकलो. फाईल न वाचता निकाल देऊ नये. जगजीवनरामांची फाईल आपण नीट वाचलेलीच नाही. म्हणून हा लेख.

५ एप्रिल १९०८ रोजी बिहारमधल्या आराजवळच्या चांदवा गावात, चर्मकार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील शोभीराम हे ब्रिटिश सैन्यात नोकरीला होते, पुढे ते शिवनारायणी पंथाचे महंत झाले. जगजीवन लहान असतानाच वडील वारले आणि आईने मुलाला शिकवले. आराच्या शाळेत पाण्याचे दोन माठ असत, एक हिंदूंचा आणि एक मुसलमानांचा. या मुलाने हिंदूंच्या माठातले पाणी घेतले म्हणून तक्रार झाली आणि शाळेने अस्पृश्यांसाठी तिसरा माठ आणून ठेवला. जगजीवनने तो फोडला. पुन्हा आणला, पुन्हा फोडला. शेवटी मुख्याध्यापकांनी तिसरा माठ ठेवणेच बंद केले. महाडचा संगर १९२७ चा. त्याच दशकात बिहारमधला एक शाळकरी मुलगा आपल्यापुरता चवदार तळ्याचा लढा लढत होता, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

हुशारी पाहून मदनमोहन मालवीयांनी त्यांना बनारस हिंदू विद्यापीठात यायचे निमंत्रण दिले. शिष्यवृत्तीही मिळाली. पण त्या विद्येच्या माहेरघरात खानावळीत त्यांना वेगळे वागवले गेले आणि गावातला न्हावी केस कापायला तयार होईना. ज्याला सनातन्यांच्या पुढाऱ्याने स्वतः बोलावले, त्याला सनातन्यांच्या नगरीने आपल्यात घेतले नाही. पुढच्या सगळ्या आयुष्याची ही जणू रंगीत तालीम होती. बनारस सोडून ते कलकत्त्याला गेले आणि १९३१ साली विज्ञानाची पदवी घेतली. तिथेच त्यांनी रविदास सभा भरवल्या आणि मजुरांचे मेळावे घेतले.

इथपर्यंतचा प्रवास बाबासाहेबांच्या वाटेला समांतर आहे. इथून पुढे वाटा फुटल्या. १९३२ साली पुणे करार झाला आणि स्वतंत्र मतदारसंघ गेला. राखीव जागा मिळाल्या, पण त्या जागांवर कोण निवडून यायचे, हे सवर्ण मतदारांच्या बहुमतावर ठरू लागले. १९३५ साली बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. त्याच वर्षी डिप्रेस्ड क्लासेस लीग उभी राहिली आणि जगजीवनराम तिचे पुढारी झाले. त्याच वर्षी रांचीला हॅमंड समितीपुढे त्यांनी दलितांच्या मताधिकाराची मागणी केली. १९३६ साली वयाच्या २८ व्या वर्षी ते बिहारच्या विधान परिषदेवर गेले, १९३७ साली विधानसभेत निवडून आले. १९४० आणि १९४२ साली त्यांनी तुरुंगवासही भोगला. त्यांची निष्ठा काँग्रेसशी होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही.

१९४६ साली हा संघर्ष समोरासमोर आला. कॅबिनेट मिशनपुढे अस्पृश्यांचे प्रतिनिधी कोण, असा सवाल उभा राहिला. एका बाजूला शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे बाबासाहेब होते आणि दुसऱ्या बाजूला काँग्रेसने पुढे केलेले जगजीवनराम. संयुक्त मतदारसंघाने फेडरेशनचा जवळपास सफाया केला होता आणि त्याच पद्धतीने काँग्रेसचे उमेदवार राखीव जागांवर निवडून आले होते. २ सप्टेंबर १९४६ रोजी हंगामी सरकार आले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ पासून बाबासाहेबांनी सांभाळलेले मजूर खाते जगजीवनरामांकडे गेले. त्या मंत्रिमंडळातले ते सर्वात तरुण मंत्री होते.

आंबेडकरी माणसाच्या मनात ही सल आजही आहे, आणि ती खरी आहे. बाबासाहेब १९५२ ला उत्तर मुंबईत नारायण काजरोळकरांकडून आणि १९५४ ला भंडाऱ्यात भाऊराव बोरकरांकडून पराभूत झाले. दोन्ही वेळा समोर काँग्रेसचा दलित उमेदवार होता. जगजीवनराम मात्र १९५२ पासून सासाराम भागातून एकदाही हरले नाहीत. संयुक्त मतदारसंघाचे गणित समजून घ्यायला यापेक्षा दुसरे उदाहरण लागत नाही.

पण फाईल इथे संपत नाही. १९४७ ते १९५२ या काळात औद्योगिक विवाद कायदा, किमान वेतन कायदा, कारखाने कायदा, कर्मचारी राज्य विमा कायदा आणि भविष्य निर्वाह निधी कायदा हे सगळे झाले. यातल्या किमान वेतनाचे विधेयक तर बाबासाहेबांनीच एप्रिल १९४६ मध्ये मांडले होते, आणि इतरांपैकी काहींची पायाभरणीही त्यांच्याच कारकिर्दीतली. जगजीवनरामांनी ते काम मोडीत काढले नाही, तडीस नेले. कामगार न्यायालयात उभा राहणारा प्रत्येक वकील आजही त्या वारशावर जगतो.

दुसरे उदाहरण आमच्या धंद्यातले आहे. जगजीवनराम रेल्वेमंत्री असताना, १९५९ साली रेल्वे बोर्डाने अनुसूचित जाती-जमातींसाठी बढतीत आरक्षण देणारी परिपत्रके काढली. त्याला आव्हान दिले गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. हाच तो १९६१ चा रंगाचारी खटला. तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने बढतीतले आरक्षण वैध ठरले. बहुमताचा निकाल लिहिला आपल्या साताऱ्याच्या न्या. गजेंद्रगडकरांनी. पुढे १९९२ साली इंद्रा साहनी प्रकरणात बढतीचा मुद्दा उलटला आणि १९९५ साली ७७ वी घटनादुरुस्ती करून १६(४अ) हे कलम घालावे लागले. आज बढतीच्या रोस्टरसाठी झगडणाऱ्या आपल्या कर्मचारी संघटनांना हे माहीत असायला हवे की, या भांडणाचा पहिला मोठा विजय ज्या परिपत्रकांमुळे मिळाला, ती परिपत्रके निघाली तेव्हा रेल्वेमंत्री जगजीवनराम होते.

आता त्यांच्या सत्ता सोडण्याकडे वळू. दिल्लीच्या मंत्रिमंडळातून ते तीनदा बाहेर पडले आणि तिन्ही वेळा कारण पक्षांतर्गत भांडणाचे होते.

पहिली वेळ १९६३ ची. चीनच्या युद्धानंतर काँग्रेसची पत घसरली होती. कामराज योजना निघाली. ज्येष्ठांनी सत्ता सोडून पक्षकार्याला लागायचे, असा तिचा देखावा होता. सहा केंद्रीय मंत्री आणि सहा मुख्यमंत्री पायउतार झाले. मोरारजी देसाई, लालबहादूर शास्त्री, स. का. पाटील यांच्याबरोबर जगजीवनरामही गेले. नेहरूंनंतर कोण, या भांडणात प्रतिस्पर्धी छाटण्याचा हा डाव होता, असे तेव्हाही बोलले गेले. शास्त्री काही महिन्यांतच, १९६४ च्या जानेवारीत मंत्रिमंडळात परतले. जगजीवनरामांना १९६६ च्या जानेवारीपर्यंत, इंदिरा गांधी पंतप्रधान होईपर्यंत, वाट पाहावी लागली. पक्षाने जा म्हटले म्हणून ते गेले आणि पक्षाने ये म्हटल्यावर आले. यात त्यांची स्वतःची इच्छा कुठे होती?

परतल्यावर ते काँग्रेसच्या आधारस्तंभांपैकी एक झाले. अन्नमंत्री म्हणून हरितक्रांतीच्या काळात त्यांनी खाते सांभाळले. १९६९ च्या जुलैत बंगळुरूला राष्ट्रपतिपदाचा उमेदवार ठरवायला काँग्रेसचे संसदीय मंडळ बसले. गांधी जन्मशताब्दीचे वर्ष होते. इंदिरा गांधींनी जगजीवनरामांचे नाव पुढे केले. मंडळाच्या बहुमताने ते बाजूला सारले आणि नीलम संजीव रेड्डींना पसंती दिली. आपल्या महाराष्ट्राचे यशवंतराव चव्हाण यांचे मतही रेड्डींच्याच पारड्यात पडले. ज्यांच्या नावाने अस्पृश्यता निवारणाचे सोहळे करायचे त्यांच्या शताब्दी वर्षात एक अस्पृश्य राष्ट्रपती होऊ शकत होता. त्या पक्षाच्या श्रेष्ठींना ते मानवले नाही. वाचकांनी हे दोन्ही माणसे, रेड्डी आणि चव्हाण, लक्षात ठेवावीत. दहा वर्षांनी ते पुन्हा भेटतील.

काँग्रेस फुटली, जगजीवनराम इंदिरा गांधींच्या बाजूने उभे राहिले आणि नव्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९७० पासून ते संरक्षणमंत्री होते. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानच्या सुमारे ९३,००० जणांनी शरणागती पत्करली आणि बांगलादेश जन्माला आला, तेव्हा संरक्षण खाते एका चर्मकाराच्या मुलाकडे होते. त्या विजयाची जयंती साजरी होते तेव्हा त्यांचे नाव किती वेळा घेतले जाते, हे ज्याने त्याने पाहावे.

त्यांच्या चुकाही लपवण्याचे कारण नाही. सुमारे दहा वर्षे प्राप्तिकराची विवरणपत्रे न भरल्याचे प्रकरण त्यांच्यावर शेकले होते आणि त्यातून त्यांची मान पक्षनेतृत्वाच्या हाती अडकली, असे मानले जाते. सर्वात मोठी चूक आणीबाणीची. १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली, तेव्हा पर्याय म्हणून जगजीवनरामांचे नाव चर्चेत होते. १३ दिवसांनी आणीबाणी आली. २६ जूनच्या पहाटे मंत्रिमंडळाला फक्त सांगण्यात आले. जगजीवनराम गप्प राहिले. एवढेच नाही, तर जुलैमध्ये आणीबाणीला मंजुरी देणारा ठराव लोकसभेत त्यांनीच मांडला. बाबासाहेबांच्या घटनेतले मूलभूत हक्क गोठवले गेले, त्या कागदावर आपल्याच माणसाचे नाव आहे. कोणी कितीही सबबी दिल्या तरी हा डाग पुसला जात नाही.

दुसरी वेळ १९७७ ची. १८ जानेवारीला निवडणुकीची घोषणा झाली. पक्षात संजय गांधींचा शब्द चालत होता आणि ज्येष्ठांचे तिकीटवाटपातले स्थान संपले होते. २ फेब्रुवारीला जगजीवनरामांनी मंत्रिपद आणि काँग्रेस दोन्ही सोडले. हेमवतीनंदन बहुगुणा, नंदिनी सत्पथी यांच्यासह काँग्रेस फॉर डेमॉक्रसी काढली. देशाचे वारे त्या एका राजीनाम्याने फिरले. ६ फेब्रुवारीला दिल्लीत रामलीला मैदानावर त्यांची सभा होती. लोकांनी घरी बसावे म्हणून दूरदर्शनने 'बॉबी' हा लोकप्रिय चित्रपट लावला, तरी मैदान भरले. मार्चमध्ये काँग्रेसचा धुव्वा उडाला. त्यांच्या पक्षाचे २८ खासदार आले.

टीकाकार म्हणतात, त्यांनी १९ महिने उशीर केला. बरोबर आहे. पण राजीनामा दिला तेव्हा आणीबाणी शिथिल झाली असली तरी उठली नव्हती, हेही बरोबर आहे. हरलो असतो तर काय झाले असते, हा धोका त्यांनी पत्करला होता.

आता पंतप्रधान कोण? जगजीवनराम उमेदवार होते. खासदारांचे मतदान व्हावे, अशी त्यांची मागणी होती. मतदान झालेच नाही. जयप्रकाश नारायण आणि आचार्य कृपलानी या दोघांनी खासदारांचा कल घेतला आणि मोरारजींचे नाव जाहीर केले. चरणसिंग रुग्णालयात होते. तिथून त्यांनी मोरारजींना पाठिंबा कळवला, त्यामागे जगजीवनराम नकोत हाच मुख्य हेतू होता. लोकशाही परत आणण्यासाठी निवडून आलेल्या पक्षाने पहिल्याच दिवशी मतपेटी टाळली. ज्यांच्या राजीनाम्याने विजय सुकर झाला ते रुसले, शपथविधीला गेले नाहीत आणि काही दिवसांनी संरक्षणमंत्री झाले. मे महिन्यात त्यांनी आपला पक्षही जनता पक्षात विसर्जित केला. माझ्या मते ही त्यांच्या राजकारणातली सर्वात महागडी सही होती. २८ खासदारांचे स्वतःचे घर त्यांनी दुसऱ्याच्या वाड्यात मिसळून टाकले.

त्याच मे महिन्यात बिहारमध्ये बेलछी घडले. आठ दलितांसह अकरा जणांना गोळ्या घालून जाळले गेले. १९७८ च्या जानेवारीत बनारसमध्ये देशाच्या संरक्षणमंत्र्याने संपूर्णानंदांच्या पुतळ्याचे अनावरण केले आणि ते गेल्यावर तो पुतळा गंगाजलाने धुऊन शुद्ध करण्यात आला. ज्या बनारसमध्ये न्हाव्याने केस कापले नव्हते, त्या बनारसने पन्नास वर्षांनंतरही भूमिका बदलली नव्हती. त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि आपला मराठवाडा पेटला. दलित माणूस केंद्रीय मंत्रिमंडळात दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर बसला म्हणून गावातल्या वस्तीची राखरांगोळी थांबत नाही, हे त्या एका वर्षाने शिकवले. १९७९ च्या जानेवारीत ते उपपंतप्रधानही झाले, पण त्यांच्याबरोबर चरणसिंगांनाही तेच पद देण्यात आले.

तिसरी वेळ १९७९ ची. जनता पक्षात दुहेरी सदस्यत्वाचे भांडण विकोपाला गेले होते. ११ जुलैला विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांनी अविश्वास ठराव मांडला. जनता पक्षाचे खासदार रोज गळू लागले. १५ जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला आणि सगळे मंत्रिमंडळ गेले. या घडीला मोरारजींनी संसदीय पक्षाचे नेतेपद जगजीवनरामांसाठी मोकळे केले असते तर पक्ष सावरला असता, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. मोरारजींनी ते केले नाही. दहा-बारा दिवस ते आकड्यांचे दावे करत राहिले आणि दावा फसल्यावरच बाजूला झाले. तोवर इंदिरा गांधींच्या पाठिंब्यावर चरणसिंगांना राष्ट्रपतींचे निमंत्रण गेले होते. २८ जुलैला चरणसिंग पंतप्रधान झाले आणि यशवंतराव उपपंतप्रधान. जगजीवनराम नेते झाले, पण विरोधी बाकांवर.

२० ऑगस्टला इंदिरा गांधींनी पाठिंबा काढला. चरणसिंग एक दिवसही लोकसभेला सामोरे न जाता पायउतार झाले आणि जाताना लोकसभा विसर्जित करण्याचा सल्ला देऊन गेले. जगजीवनरामांनी सरकार बनवण्याचा दावा केला. राष्ट्रपती होते नीलम संजीव रेड्डी, तेच १९६९ चे. २२ ऑगस्टला त्यांनी लोकसभा विसर्जित केली. जगजीवनरामांना सभागृहात बहुमत सिद्ध करण्याची एकही संधी मिळाली नाही.

एक वकील म्हणून मला हा आदेश आजही पटत नाही. घटनेच्या ७५ व्या कलमाप्रमाणे मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते. ज्या पंतप्रधानाने लोकसभेचा विश्वास कधीच मिळवला नाही, त्याचा सल्ला तीच लोकसभा संपवायला कसा पुरेसा ठरतो? ४४ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला फेरविचारासाठी परत पाठवण्याचा अधिकार राष्ट्रपतींना नुकताच दिला होता. तो वापरला गेला नाही. जगजीवनरामांकडे बहुमत होते की नव्हते, हा वाद वेगळा. बहुमत कुठे मोजायचे, हा मुद्दा खरा. १९९४ साली बोम्मई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारांबाबत सांगितले की, बहुमताची परीक्षा सभागृहातच व्हायला हवी. त्या तत्त्वाने १९७९ कडे पाहिले तर दिसते की, देशाला पहिला दलित पंतप्रधान मिळण्याची जी सर्वात जवळची संधी आली होती, ती सभागृहाबाहेर संपवली गेली.

पुढचे थोडक्यात. १९८० च्या निवडणुकीत जनता पक्षाने त्यांना पंतप्रधानपदाचे उमेदवार म्हणून पुढे केले, पण तोवर पक्षाच्या चिंधड्या झाल्या होत्या. जागा आल्या ३१. बुडते जहाज दलिताच्या हाती देण्याची ही रीत नवी नाही. मग ते जनता पक्षातून बाहेर पडले, आधी देवराज अर्स यांच्या काँग्रेसमध्ये गेले, शेवटी १९८१ साली स्वतःच्या नावाची काँग्रेस काढली. १९८४ लाही सासारामने त्यांना निवडून दिले. ६ जुलै १९८६ रोजी ते गेले. १९३६ पासून सलग पन्नास वर्षे लोकप्रतिनिधी आणि सुमारे तीस वर्षे मंत्री, असा त्यांचा हिशेब आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत येतो. मी तिला सांगितले, ते जन्माने, अपमानाने आणि कामाने आपले होते. पक्ष मात्र त्यांचा कधीच नव्हता. बाबासाहेबांनी १९५१ ला हिंदू कोड बिलासह अनेक कारणांसाठी मंत्रिपद सोडले, तेव्हा त्यांच्यामागे फेडरेशन होते, वृत्तपत्र होते, लाखोंचा समाज होता आणि पुढे नागपूरची दीक्षाभूमी घडायची होती. खुर्ची गेली म्हणून बाबासाहेब तसूभरही लहान झाले नाहीत. जगजीवनरामांनी खुर्ची सोडली तेव्हा प्रत्येक वेळी दुसरी खुर्ची दुसऱ्याच्याच घरात शोधावी लागली. स्वतःचा पक्ष त्यांनी वयाच्या सत्तरीच्या आसपास काढला आणि तीन महिन्यांत विसर्जित केला.

पण मुलीने लगेच दुसरा प्रश्न विचारला. सर, आपला स्वतःचा रिपब्लिकन पक्ष १९५७ ला निघाला, मग त्याचे काय झाले? या वेळी कोणी हसले नाही. दोन वर्षे होतात न होतात तोच दुरुस्त आणि नादुरुस्त असे गट पडले आणि त्यानंतर किती तुकडे झाले ते मोजायला बोटे पुरत नाहीत. प्रत्येक तुकड्याने पुढे कोणत्या ना कोणत्या मोठ्या पक्षाशी एखाद्या मंत्रिपदासाठी बोलणी केली. जगजीवनरामांना नावे ठेवणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनी निदान एवढे तपासावे की, त्यांनी घेतलेल्या मंत्रिपदातून एखादा किमान वेतन कायदा किंवा बढतीतल्या आरक्षणाचे एखादे परिपत्रक निघाले का?

म्हणून आपल्या तरुणांना माझे सांगणे आहे. ५ एप्रिलला जगजीवनरामांची जयंती येते. नऊ दिवसांनी १४ एप्रिल येतो. १४ एप्रिलची तयारी करताना एक संध्याकाळ या माणसासाठी ठेवा. रंगाचारी निकाल वाचा, १९७९ चा विसर्जनाचा आदेश वाचा, आणीबाणीच्या ठरावावरची चर्चाही वाचा. आणि मग आपल्या तालुक्यातल्या चार गटांच्या कार्यकर्त्यांना एकाच सतरंजीवर बसवून विचारा, पुढची निवडणूक आपण एकत्र लढणार आहोत की नाही?